टाकीवरचं सील

खडीच्या ढिगात बकेट खुपसलेली, पुढची चाकं निम्मी रुतलेली आणि लोडर ठार बंद. त्या महिन्यातली ही आठवी वेळ होती. समोर सात टिपर ओळीनं उभे होते आणि त्यांचे ड्रायव्हर बाभळीखाली जाऊन बसले होते. मला बोलवायला आलेला इंगवले सुपरवायझर माझ्यापुढं तरातरा चालत होता.

"मिस्तरी, तुमच्या दाजीनं परत बंद पाडली," तो मागं न बघता म्हणाला.

दाजी केबिनमध्येच बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर ढिगावर. मला बघितल्यावर हसले.

"आलास व्हय पाव्हणं? आता बघ, तुझं तोंड दिसलं की चालू हुती का न्हाई."

"झालं काय, ते सांगा."

"तेच. बकेट भरली, उचलायला ॲक्सिलेटर दाबला, आवाज खाली बसला. धाप लागल्यागत केलं आणि गप. दम कोंडतोय तिचा."

"एअर क्लीनर परवाच झाडलाय मी."

"तू झाडलास ते खरं. पण दम कोंडतोय हे बी खरं."

डिझेलचं इंजिन बंद पडलं की मिस्तरी पहिल्यांदा काय बघतो? टाकीत डिझेल आहे का ते. मीही तेच केलं. इंगवलेनं पक्कडीनं सीलची तार तोडली, झाकणावरचं रबर काढलं. मी झाकण फिरवून आत काठी घातली. टाकी निम्म्याच्या वर भरलेली. मग फिल्टरचा स्क्रू ढिला केला, हातपंप मारून हवा काढली, स्क्रू आवळला आणि दाजींना खूण केली. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. काळा धूर एकदाच आला आणि मग मशीन सुरळीत चालायला लागली.

"म्हटलं न्हवतं?" दाजी वरून ओरडले. "सासू जावयाफुडं जशी शान्यासारखी वागती, तशी ही तुझ्याफुडं!"

टिपरवाले हसले. इंगवले हसला नाही. त्यानं रबर पुन्हा झाकणावर चढवलं, नवी तार गुंडाळली आणि शिशाची गोळी चेपून सील मारलं. मी हात पुसत माझ्या पत्र्याच्या शेडकडं निघालो. आपल्याला काहीच सापडलेलं नाही, हे मला आणि दाजींना, दोघांनाही ठाऊक होतं.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. वाघजाईच्या माळावर मालकांची खडी क्रशर होती. मी चोवीस वर्षांचा होतो आणि मिस्तरी म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर काम करायची माझी ती पहिलीच जागा. ती मला दाजींमुळं मिळाली. दाजी म्हणजे महिपती खोचरे, माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनआक्काचे यजमान. वीस वर्षं ते लोडरवर होते. धरणाच्या कामापासून त्यांचा हात तयार झाला होता. बकेटमध्ये खडी भरून टिपरात अशी ओतायचे, की टिपर जागचा हलायचा नाही. रोज सकाळी मशीन सुरू केली की खाली उतरून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचे आणि मूठ कानाला. डॉक्टरनं छाती तपासावी तसं चार ठिकाणी ऐकून झालं, की मगच वर चढायचे. मला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. मालकांकडं नेऊन उभं केलं तेव्हा म्हणाले होते, "मेव्हणा हाय म्हणून आणला न्हाई. हात बघा आणि मग ठेवा."

आता सीलचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गणपतीच्या सुमारास इंगवलेनं बोभाटा केला की लोडरचं डिझेल जास्त जातंय. कुणीतरी काढून विकतंय. कुणीतरी म्हणजे कोण, हे त्यानं नाव घेऊन सांगितलं नाही, पण बोलताना तो दाजींच्या डब्याच्या पिशवीकडं बघत होता. सगळे चहा पीत होते. दाजींनी कप खाली ठेवला.

"टाकीला सील मारा," ते म्हणाले. "सकाळी तुम्ही डिझेल भरायचं, तुम्हीच सील मारायचं. संध्याकाळी तुम्हीच तोडून बघायचं. मधी झाकणाला माझं बोट लागलं तर बोट तोडा."

मालक म्हणाले, एवढं काही नको. दाजी हट्टाला पेटले. "न्हाई मालक. एकदा तोंडातनं शब्द गेलाय. आता सील पायजेच." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "निवास, तुझ्या हातानं बांध. असं बांध, की मुंगी शिरली न्हाई पायजे."

मी बांधलं. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापला, झाकणावरून ताणून टाकीच्या मानेवर ओढला, खाली तारेचे तीन वेढे दिले आणि त्यात शिशाचं सील अडकवलं. आईच्या लोणच्याच्या बरणीलाही असा दादरा बांधलेला नसेल. दाजींनी दोनदा ओढून बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. आपल्या माणसाची अब्रू आपण आपल्या हातानं झाकली, असं काहीतरी वाटलं होतं.

चार दिवसांनी लोडर पहिल्यांदा बंद पडला.

मी काय काय केलं ते आठवलं की आजही हात दुखायला लागतात. दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. टाकी सोडवून उलटी केली, तळाचा गाळ धुतला. पाइपला कुठं बारीक चीर असेल आणि हवा ओढत असेल म्हणून सगळे पाइप नवे टाकले. फीड पंप खोलला, मोठा पंप तालुक्याला नेऊन तपासून आणला. तिथल्या मिस्तरीनं सांगितलं, "काही नाही याला, उगीच आणलास." प्रत्येक वेळी मशीन जोडली की चांगली चालायची. एकदा तर मी दाजींशेजारी पायरीवर उभा राहून तास-दीड तास फिरलो. एकदाही आवाज बसला नाही. मी उतरलो, शेडमध्ये गेलो, जेवायला बसलो, आणि तीन वाजता पुन्हा इंगवले दारात.

"तुम्ही असताना चालती, तुम्ही गेलात की बंद," तो म्हणाला. "मिस्तरी, हा रोग मशीनचा न्हवं. चोरीचा शब्द लागलाय न्हवं का, त्याचा राग काढतोय गडी."

मी त्याला झिडकारलं. पण शब्द डोक्यात राहिला. माणूस थकलेला असला, की त्याला सोपं उत्तर बरं वाटतं. मी दीड महिना थकलो होतो. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटत होती. रस्त्याच्या कामाची खडी अडली होती, मालक रोज विचारत होते आणि माझ्याजवळ सांगायला काही नव्हतं. दोष सापडत नाही तो मिस्तरी कसला, असं लोक म्हणणार होते.

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी मालक स्वतः आले तेव्हा लोडर बंदच होता. मी नेहमीसारखं केलं. सील तोडलं, डिझेल बघितलं, हवा काढली, मशीन सुरू झाली. मालकांनी सगळ्यांना जवळ बोलावलं. टिपरवाले, इंगवले, दाजी, सगळे होते.

"निवास, मला एका शब्दात सांग. दोष कशात आहे? मशीनमध्ये, का माणसात?"

दाजी माझ्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"मशीनमध्ये काही राहिलेलं नाही, मालक," मी म्हणालो. "सगळं तपासलं."

"म्हणजे?"

"म्हणजे... माणसाचं बघा."

एवढंच बोललो. कुणीतरी खाकरलं. दाजी रागावले असते, आईमाईवरून शिवी दिली असती, तर मला सोसलं असतं. ते हसले. नेहमीचं थट्टेचं हसू नव्हतं ते. मान डोलवून म्हणाले, "मिस्तरी म्हणतोय म्हणजे तसंच असंल," आणि केबिनमध्ये चढले.

दुसऱ्या दिवशी लोडर दिवसभर चालला. सकाळी सातला सुरू झाला तो संध्याकाळी सहाला दाजींनी स्वतःच्या हातानं बंद करेपर्यंत. एकदासुद्धा आवाज बसला नाही. चोवीस टिपर भरले त्या दिवशी. इंगवले जाता-येता माझ्याकडं बघून भुवया उडवत होता.

संध्याकाळी दाजींनी मशीन धुतली. मग चावी मालकांच्या टेबलावर ठेवली.

"उद्यापासनं येत न्हाई मालक. हात ऱ्हायला न्हाई आता."

मालकांनी आग्रह केला नाही. दाजी इंगवलेला घेऊन टाकीपाशी गेले, चौघांसमोर त्याच्याकडून सील तोडून घेतलं आणि ते रबर मागून घेतलं. "हे माझ्यापुरतं हुतं. मी घिऊन जातो." इंगवले म्हणाला, "न्या की, चपलेला लावा." दाजींनी रबराची घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत टाकली.

मी त्यांना फाट्याजवळ गाठलं. मला बोलायचं नव्हतं, पण जीभ राहिली नाही.

"आज बरी चालली, दाजी. दीड महिना मला येड्यात काढलंत. माझ्या नोकरीचा तरी इचार करायचा."

ते थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बरं," म्हणाले. "सांभाळून काम कर. पंपाच्या नटाला फार जोर लावतोस तू, आटे जातील." आणि निघून गेले.

नव्या ऑपरेटरला सील कशाला? चोर तर गेला होता. झाकण रबराविना उघडंच राहिलं आणि लोडर पुढं सहा वर्षं एकदाही बंद पडला नाही. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? हिशोबात डिझेल आधी जेवढं कमी भरायचं तेवढंच नंतरही कमी भरत राहिलं, पण त्याची चर्चा कुणी केली नाही. मालकांनी माझ्याकडं दुसऱ्या क्रशरचंही काम दिलं. माझं नाव झालं. लग्न झालं, पुढं तालुक्याच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज झालं.

दाजी पुन्हा कुठल्याच मशीनवर चढले नाहीत. दोन ठिकाणांहून विचारणा आली होती, पण मागोमाग क्रशरवरची बातमीही पोचली आणि लोक गप्प झाले. गावाबाहेर कोंबड्यांच्या शेडवर ते राखण करायचे. वीस वर्षं ज्यांनी टनाटनानं दगड उचलला ते अंड्यांचे ट्रे मोजत बसले. मी भाऊबीजेला आक्काकडं जायचो, ओवाळून घ्यायचो आणि चहा संपायच्या आत उठायचो. दाजी विचारायचे, "काय पाव्हणं, कुठली मशीन खोललीय सध्या?" मी मोटरसायकलला किक मारता मारता उत्तर द्यायचो. एकदा मात्र मी तोंडावर म्हणालो, "तुम्ही तेवढं तसं केलं नसतं तर आज आपण दोघं मिळून गॅरेज चालवलं असतं." ते कोंबड्यांचं खाद्य चाळत होते. चाळणी थांबली नाही.

अकरा वर्षांनी, एका पौषात, ते झोपेत गेले. मी सकाळी गेलो, खांदा दिला आणि गॅरेजवर गिऱ्हाईक थांबलंय म्हणून दुपारी परत आलो.

त्यानंतर चारेक महिन्यांनी एका शेतकऱ्यानं मला रानात बोलावलं. ट्रॅक्टर नांगरताना बंद पडत होता. तास-दोन तास चालतो, जोर लागला की आवाज बसतो आणि मरतो. ही तक्रार मी पूर्वी ऐकली होती. ट्रॅक्टर नांगरटीच्या तासात उभा होता. टाकीचं झाकण हरवलेलं, म्हणून त्यानं तोंडात प्लॅस्टिकची पिशवी कोंबून वरून घट्ट दोरी बांधली होती. आसपास कसला आवाज नव्हता, क्रशरवरची घरघर इथं नव्हती. मी नेहमीच्या सवयीनं डिझेल बघायला दोरी सोडली आणि पिशवी उपसली.

फुस्स.

टाकीनं हवा आत ओढून घेतली. एवढा मोठा श्वास, की माझ्या मनगटावरची लव हलली.

मी तिथंच ढेकळात बसलो. शेतकरी विचारत होता, "काय झालं मिस्तरी? उन्हाची चक्कर आली का?" टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं. इंजिन जसं डिझेल पितं तशी त्या भोकातून हवा आत जावी लागते. नाही गेली तर टाकी आतून आवळत जाते आणि शेवटी इंजिनला डिझेलच सोडत नाही. झाकण उघडलं की हवा शिरते आणि सगळं पूर्ववत होतं. हे शिकाऊ मिस्तरीलाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण मी दर वेळी पहिल्यांदा झाकण उघडायचो आणि मग दोष शोधायला बसायचो. दम कोंडतोय, असं दाजी पहिल्या दिवसापासून सांगत होते. मुंगी शिरणार नाही असं मी बांधलं होतं, तिथं हवा कुठून शिरणार?

ट्रॅक्टर तसाच सोडून मी आक्काकडं गेलो. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सीलचं, रबराचं, भोकाचं.  दाजींचा हात शेवटपर्यंत शाबूत होता, दोष माझ्या हातात होता, असं मी म्हणालो तेव्हा आक्कानं सूप बाजूला ठेवलं.

"आत्ता कळलं व्हय तुला?" ती म्हणाली.

ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दाजींची डब्याची पिशवी होती. त्यात त्यांचं लायसन्स होतं, तो लांब स्क्रू-ड्रायव्हर होता आणि घडी घातलेलं रबर होतं. अकरा वर्षांत घडीवर भेगा पडल्या होत्या. मी ते उलगडून उजेडात धरलं. मधोमध, दाभणानं पाडलेलं असावं असं एक भोक होतं.

"तू सगळ्यांफुडं बोललास ना, त्याच दिवशीची गोष्ट," आक्का सांगायला लागली. "संध्याकाळी क्रशर थांबल्यावर, इंगवले सील तोडायला यायच्या आत, हे एकटेच मशीनपाशी हुते. समदं गप हुतं. म्हणाले, टाकीला कान लावला तर आत ओढल्याचा आवाज. बघितलं तर वरच्या रबराला खळी पडलेली, गालाला पडती तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी सील मारून झाल्यावर गुपचूप दाभण खुपसलं. दिवसभर चालली न्हवं का?"

"मग सांगितलं का नाही?" मी ओरडलोच असेन. "मालकांना सांगायचं! मला सांगायचं!"

"मी काय कमी भांडले? मालकाला सांगा म्हटलं, तर म्हणाले, माझी वीस वर्षं झाल्यात, मला लोकं दोन दिवस नावं ठेवतील. त्याची ही पैलीच जागा. मिस्तरीनंच बांधलं आणि मिस्तरीलाच दीड महिना घावलं न्हाई, असं झालं तर त्याला दारात कोण उभं करंल? चोवीस वर्षांचं पोर हाय."

तिनं डोळ्याला पदर लावला नाही. माझ्याकडं रोखून बघत राहिली.

"दोन दिवस म्हणाले हुते. अकरा वर्षं झाली. तू यायचास, तोंड वळवून चहा प्यायचास. तू गेल्यावर मी रातच्याला म्हणायचे, निदान त्याला तरी सांगा. एकट्याला. कानात. तर म्हणायचे, न्हाई शालन. त्याला कळलं तर तो गप बसायचा न्हाई. उठंल आणि सरळ जाऊन मालकाला सांगंल. सोताचं नुकसान करून घील. सोभावच हाय त्याचा तसा."

मी रबराची पुन्हा घडी घातली आणि पिशवीत ठेवली. आक्कानं सूप पुन्हा पुढं ओढलं, पण शेंगा फोडल्या नाहीत.

मी खरंच जाऊन मालकांना सांगितलं असतं का? त्या दिवसापासून मी स्वतःला हे विचारत आलोय आणि छातीवर हात ठेवून मला अजून हो म्हणता आलेलं नाही. दाजींना मात्र खात्री होती.